लंडनची बडी बी

बिबवेवाडीतल्या तांबोळ्यांच्या घरात सगळं काही बिबवेवाडीतलंच होतं. सोफा अप्पर बिबवेवाडीच्या चढावरच्या दुकानातला, पडदे समोरच्या गल्लीतल्या शिंप्याकडचे, पंखे तर आजोबांनी स्वतःच्या हातानं तीन-तीनदा बांधलेले. लंडनहून आलेली वस्तू घरात एकच होती आणि ती मिसबाच्या मालकीची होती. आता सांगा, कुठल्या मुलीची मान ताठ होणार नाही?

ती वस्तू म्हणजे एक बेस गिटार. साधी गिटार नव्हे, विजेवर चालणारी, चार जाड तारांची, वाजली की कानाआधी पोटात कळणारी. रंग पिकलेल्या चिंचेचा, वजन (मिसबाच्या मते) भरल्या सिलिंडरचं. आणि माथ्यावर, जिथं तारा पिळायच्या खुंट्या असतात तिथं, सोनेरी इंग्रजी अक्षरं: हार्टवेल कस्टम, लंडन. हार्टवेल निम्मं झिजलं होतं, लंडन मात्र ठळक होतं.

गिटार मूळची आजोबांची. मैनुद्दीन तांबोळी म्हणजे बिबवेवाडीतले मोटर रिवाइंडिंगवाले. जळालेली मोटर आणा, आतली करपलेली तांब्याची तार काढून नवी भरून देणार. दिवसा मोटरी आणि संध्याकाळी दशरथ मास्तरांच्या ऑर्केस्ट्रात बेस. 'एक साहेब लंडनला परत जाताना मास्तरांना देऊन गेला, मास्तरांनी मला दिली,' एवढीच गिटारीची कुळकथा, आणि ती सांगणारे आजोबा मिसबा दुसरीत असताना गेले. तेव्हापासून गिटार चादरीत गुंडाळून कपाटावर. दर ईदच्या आधी दादी ती खाली काढायची, पुसायची आणि परत वर ठेवायची.

"बडी बी आहे ती," दादी म्हणायची. "घरातली मोठी बाई. तिला धूळ चालत नाही."

म्हणून गिटारीचं नाव बडी बी.

गेल्या वर्षीपर्यंत मिसबा ही मुलगी वर्गात आहे हे हजेरी घेणाऱ्या बाई सोडल्या तर फारसं कुणाला माहीत नव्हतं. शेवटून दुसरा बाक, खिडकीकडची बाजू, उत्तर येत असलं तरी हात खाली. मग नववीच्या गॅदरिंगसाठी शेफालीनं बँड काढला. ड्रम्सवर ती स्वतः, गिटारवर दोघी, आणि बेस वाजवणारं कुणी सापडेना. तेव्हा मिसबाच्या तोंडून, कसं ते तिचं तिलाही आजतागायत कळलेलं नाही, निघून गेलं: "आमच्या घरी आहे."

दोन महिने ती मोबाइलवर बघून बघून शिकली. बोटांना फोड आले, फुटले, परत आले. पहिल्यांदा जुन्या अँप्लिफायरला जोडली तेव्हा बडी बी अशी गुरगुरली की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवली. दादी तेव्हा आत मेथी निवडत होती. तिथूनच म्हणाली, "तारांना हात लावलास की जास्त ओरडते का कमी?"

"जास्त."

"मग अर्थिंगची तार सुटलीय. मागची झाकणी उघड, काळी तार बघ. लाल तारेला हात लावू नकोस."

तसंच निघालं. मिसबाला त्यात काही विशेष वाटलं नाही. रिवाइंडिंगवाल्याची बायको, कळत असेल थोडंफार.

आणि मग गॅदरिंग झालं. पडदा सरकला, मिसबानं सगळ्यात जाड तार छेडली, पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापकांच्या हातातला पाण्याचा ग्लास थरथरला, आणि हॉलमधून असा ओरडा आला की शेवटून दुसऱ्या बाकावरची मिसबा त्या दिवशी संपलीच. दुसऱ्या दिवशीपासून ती मधल्या बाकावर, हात वर, आवाज मोठा. "कुठून आणलीस गं?" कुणीही विचारलं की उत्तर तयार: "आणली नाही. आमचीच आहे. लंडनची. कस्टम. कस्टम म्हणजे माहितीये ना? ऑर्डर देऊन एकच बनवलेली!" वर्गाला पाठ झालं होतं ते.

अडचण आणली ती एका फॉर्मानं.

वारज्यातल्या एका संगीत मंडळानं जाहीर केलं होतं: जुन्या वाद्यांचं प्रदर्शन, वाद्य घरातलं हवं, वाजवणारं घरातलं हवं. प्रत्येक वाद्याशेजारी छापील कार्ड लागणार होतं. वाद्य, बनवणारा, साल, मालक. मिसबानं झटक्यात फॉर्म भरला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. या नावाची कंपनी आम्हाला कुठेही सापडली नाही. कृपया जाणकाराकडून खात्री करून बुधवारपर्यंत कळवावे, अन्यथा कार्डावर 'बनवणारा: अज्ञात' असे छापले जाईल.

"अज्ञात!" मिसबानं शेफालीला मोबाइल दाखवला. "म्हणजे काय? हिला आईबाप नाहीत?"

शेफालीनं मेसेज दोनदा वाचला. शेफाली तिची मैत्रीण होती, पण आधी शेफाली होती. "मिसबा, राग नको मानू. माझ्या भावालाही गॅदरिंगला बघून तसंच वाटलं होतं. डुप्लिकेट असेल गं."

"डुप्लिकेट?"

"मग काय, लंडनचा साहेब बिबवेवाडीत आला होता कशाला? घर बघायला?"

मिसबाच्या डोक्यात तिडीक गेली. "रविवारी खात्री करून आणते. आणि सोमवारी सगळ्या वर्गासमोर तू सॉरी म्हणायचंस."

"आणि डुप्लिकेट निघाली तर?"

"तर मी म्हणेन," मिसबा म्हणाली. आणि म्हटल्यावर तिला वाटलं, हे थोडं कमी जोरात म्हणायला हवं होतं.

*

रविवारी ती बडी बीला पाठीवर घेऊन बसनं वारज्याला निघाली. कंडक्टरनं आधी बॅगेकडे पाहिलं, मग मिसबाकडे.

"ही कोण?"

"गिटार आहे. जुनी."

"मग हिला बसवा, तुम्ही उभ्या राहा. वयानं मोठी दिसते."

वारज्यात ऋषी बराटे नावाचा माणूस गिटारी दुरुस्त करतो, हे शेफालीच्या भावानंच सांगितलं होतं. दुकान म्हणजे बराट्यांच्या बिल्डिंगखालचा एक गाळा. तीस-बत्तीसचा ऋषी, कानात बाळी, कपाळावर गंध. दारावर पाटी: 'इथे गिटार दुरुस्त होते. शिकवली जात नाही. दोन्हींतला फरक ओळखावा.'

"ऋषीदादा, ही लंडनची आहे एवढं फक्त लिहून द्या," मिसबानं बॅग उघडत सांगून टाकलं.

"अगं थांब की. आधी बघू तरी." त्यानं बडी बी दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "आयला, लई जड हाय."

मग तो कामाला लागला. भिंगातून माथ्यावरची अक्षरं बघितली. मागची झाकणी उघडून वास घेतला, खरोखर नाक लावून. पट्टीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवरून नख फिरवलं. मिसबा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. तिला वाटलं, आपल्या गुणपत्रिकेवर सही करायला मुख्याध्यापक इतका वेळ लावत नाहीत.

"हे बघ," तो शेवटी म्हणाला. "ही अक्षरं कंपनीची न्हाईत. कंपनी छाप मारते. ही ब्रशनं काढल्यात. खाली निळी सावली दिसती का? आमच्या टेम्पोच्या मागं 'आईचा आशीर्वाद' लिहिलंय ना, तसलाच हात."

मिसबानं वाकून पाहिलं, निळी सावली होती.

"लाकूड सागवान. चांगलं मुरलेलं. कुणाच्या तरी दाराचं असणार, ही बघ, कडीचं भोक बुजवलंय. ह्या पट्ट्या पितळेच्या, हातानं कापून कानशीनं घासल्यात. बटणं जुन्या रेडिओची. मिसबा, ही लंडनला कधी गेलेली न्हाई. स्वारगेटच्या पलीकडं गेली असंल तरी खूप झालं."

"म्हणजे... डुप्लिकेट?"

ऋषीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्याच्या आईला नावं ठेवली.

"डुप्लिकेट व्हायला आधी ओरिजिनल लागतंय. ही कशाची नक्कल हाय? असा आकार मी कुठं बघितलाच न्हाई. ज्यानं केली त्यानं बहुतेक फोटोसुद्धा धड बघितला नसंल, कान लावून केली. आणि मान बघ, इतक्या वर्षांत केसभर वाकली न्हाई. माझ्याकडं बाहेरच्या देशांतल्या गिटारी येतात ना, त्या रडत येतात पावसाळ्यात." त्यानं ती अँप्लिफायरला जोडली आणि जाड तार एकदाच वाजवली. गाळ्यातल्या सगळ्या टांगलेल्या गिटारी हलक्याशा गुणगुणल्या. "ह्याला म्हणतात कस्टम, बाई. एकच. दुसरी जगात न्हाई. तू खरं तेच सांगत होतीस, फक्त गाव चुकलं."

मिसबाला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिनं नाक पुसलं.

"मग बनवली कुणी?"

ऋषीनं तारांखालच्या काळ्या डबीवर बोट टेकवलं. हीच ती पिकअप. आत चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची तार थरथरली की डबी त्या थरथरीची वीज करते, आणि त्या विजेचा होतो आवाज. "वास घे."

मिसबानं घेतला. आणि तिला एकदम आजोबांचा शर्ट आठवला. मोटरच्या वेढ्यांवर ओततात त्या वॉर्निशचा वास. दुकान बंद होऊन किती वर्षं झाली, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात, पण वास तोच.

"मोटरवाल्याचं काम हाय," ऋषी म्हणाला. "डबी लाखेनं सील केलीय. उघडली तर आत काही तरी सापडंल. पण मी न्हाई उघडणार. मालकाला विचारून ये."

"मालक मीच आहे."

"नक्की?"

हा प्रश्न मिसबाला याआधी कुणी विचारला नव्हता. परतीच्या बसमध्ये तिनं बडी बीला खिडकीशी बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

*

दादी बाल्कनीत खुर्चीवर बसून शर्टाची बटणं लावत होती. रझिया तांबोळी, वय सत्तर, मूळची सासवडची, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली आणि बोलण्यात कुणाच्या बापाला हार न जाणारी. अब्बू आत टीव्हीसमोर. खराडीतल्या एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीतलं एसी, पंप, जनरेटर सगळं जुनेद तांबोळी सांभाळतात, आणि रविवारी मात्र घरातला रिमोटसुद्धा जागेवरून उठून घेत नाहीत.

"दादी, बडी बी लंडनची नाही."

दादीची सुई थांबली नाही. "कोण म्हणतं?"

"वारज्याचे ऋषीदादा."

"वारज्याच्या माणसाला लंडनचं काय कळतं?"

"सागवान कळतं. वॉर्निश कळतं. ते म्हणाले मोटरवाल्याचं काम आहे." मिसबानं बडी बी पुढं धरली. "दादी, ही दादाजींनी बनवली ना? मला डबी उघडायचीय."

आता सुई थांबली. "उघडायची नाही."

आतून अब्बूंनी टीव्ही बारीक केला. "अम्मी, अब्बांचं काम असेल तर आत चिठ्ठी असणार. रिवाइंडिंगवाल्यांची रीतच आहे ती. मोटर भरून झाली की तारेचा गेज म्हणजे जाडी, वेढे, तारीख कागदावर लिहून आत सरकवायची. पुढं कधी कुणी उघडली तर त्या बिचाऱ्याला परत मोजत बसायला नको."

"तू गप रे," दादी म्हणाली. "तुझ्यामुळं तर ते सगळं..." आणि ओठ मिटून घेतले.

अब्बू उठले. रविवारी, रिमोट टाकून! "माझ्यामुळं काय?"

"काही नाही. शब्द दिलेला आहे. ती लंडनची आहे, लंडनचीच राहील."

मिसबा दादीच्या पायाशी फरशीवर बसली. गॅदरिंगआधीची मिसबा इथं उठून गेली असती. "दादी, बुधवारपर्यंत नाव दिलं नाही तर तिच्या कार्डावर 'अज्ञात' लिहिणार आहेत."

"काय लिहिणार?"

"बनवणारा: अज्ञात. म्हणजे कुणी बनवली कुणालाच ठाऊक नाही."

"हातानं लिहिणार?"

"छापून. मोठ्या अक्षरांत. सगळे येऊन वाचणार."

दादीनं शर्ट बाजूला ठेवला. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "अज्ञात," ती म्हणाली. मग परत एकदा, जरा मोठ्यानं. जसं एखाद्या आगाऊ पाहुण्याचं नाव दोनदा विचारून घ्यावं.

"तीन दुपारी पाठ मोडून घेतली मी. आणि हे म्हणतात अज्ञात?"

अब्बू बाल्कनीच्या दाराशी आले.

"तू?" अब्बू म्हणाले.

मग निघालं सगळं. एकोणऐंशी साल. दशरथ मास्तरांच्या ऑर्केस्ट्राला बेस हवा होता आणि तसली गिटार पुण्यात पाहायलाही मिळत नव्हती. आजोबा म्हणाले, करतो. दार मोडलं होतं घराचं, त्याचं सागवान घेतलं. लाकूड झालं, पट्ट्या झाल्या, सगळं झालं, डबीपाशी अडलं. आजोबांची बोटं मोटरच्या जाड तारेला सरावलेली. ही तार केसासारखी. सात वेळा भरायला घेतली, सात वेळा तुटली.

"सातव्यांदा तुटली तेव्हा त्यांनी पक्कड भिंतीवर मारली," दादी म्हणाली. "मी तेव्हा ब्लाउज शिवायचे. म्हटलं, द्या इकडं. मशीनच्या बॉबिन भरायच्या चाकावर डबी चढवली आणि हातानं चाक फिरवायला लागले. तार दोन बोटांत, अशी, घट्ट धरली म्हणजे तुटते आणि सोडली म्हणजे सैल पडते. मधलं काही तरी असतं, ते बोटांना कळावं लागतं. त्यांच्या नाही लक्षात आलं. माझ्या आलं."

"मग हे सांगितलं का नाहीस कुणाला?"

"मास्तर घाबरले. घरात केलेली गिटार म्हटल्यावर मंडळवाले कार्यक्रमाची सुपारी देतील का? तेव्हा सगळ्यांना बाहेरचं हवं असायचं. पेंटरकडून नाव काढून घेतलं आणि पोस्टरवर छापलं, खास लंडनहून आलेली गिटार. तुझ्या दादाजींनी शब्द दिला, ऑर्केस्ट्रा चालू आहे तोवर ही लंडनची. मी मंडपात बायकांच्या बाजूला बसायचे. बायका म्हणायच्या, काय वाजते गं लंडनची! मी गप्प. पण आतून इतकी फुगायचे, इतकी फुगायचे, की शेजारणीला वाटायचं हिला परत दिवस गेले."

अब्बू खोकले. मिसबा मात्र एका शब्दावर अडकली होती.

"दादी, ऑर्केस्ट्रा कधी बंद पडला?"

"अठ्ठ्याऐंशी साली. मास्तरांना लकवा झाला."

"आणि शब्द काय होता? ऑर्केस्ट्रा चालू आहे तोवर. मग तो अठ्ठ्याऐंशीतच संपला की!"

दादीनं बोटांवर वर्षं मोजली.

"हे मला आजवर कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "जुनेद, सोल्डरिंग आण. आणि बारीक पेचकस. तो मोठा नको, तुझ्या बापासारखी नासधूस करशील."

लाख तिनंच वितळवली. पेच तिनंच काढले, चारही, एका ओळीत फरशीवर मांडून. डबीचं झाकण निघालं आणि वॉर्निशचा वास घरभर पसरला. आत वेढे होते, काळपट तांब्याचे, इतके सारखे की शिवणाचा दोरा वाटावा. आणि त्यांच्याखाली, पिवळ्या इन्सुलेशन कागदात दुमडलेली, पोस्टाच्या तिकिटाएवढी चिठ्ठी.

"वाच," दादी म्हणाली. "माझं अक्षर तुला लागेल. शाळेत पहिला नंबर होता."

मिसबानं वाचलं. निळ्या शाईत, गोल गोल मराठी अक्षरांत:

'वेढे ९६०० किंवा १००००. जुनेदने चार फुटाणे खाल्ले. रझिया मै. तांबोळी. १४ मार्च १९७९.'

तिनं परत वाचलं. मग अब्बूंकडे पाहिलं.

"शंभर वेढे झाले की एक फुटाणा ढिगातून उचलून वाटीत टाकायचा," दादीनं समजावलं. "शंभर फुटाणे घेतले होते मोजून. म्हणजे दहा हजार. मोजायला खायची वस्तू घेतली हीच माझी चूक. शेवटी ढीग संपला आणि वाटीत निघाले शहाण्णव. हा तीन वर्षांचा, शेजारी बसलेला, तोंड मिटून. आता ढिगातले खाल्ले असतील तर वेढे नऊ हजार सहाशे. वाटीतले खाल्ले असतील तर दहा हजार. किती विचारलं, किती विचारलं! लाडू दिला, चापट दिली. काही बोलला नाही."

"अम्मी, मी तीन वर्षांचा होतो!"

"आता एकोणपन्नासचा आहेस. आता सांग."

मिसबा फरशीवर लोळून हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की डोळ्यांतून पाणी येतंय. साहेब नाही, हार्टवेल नाही, टेम्स नदी नाही. जी थरथर त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या ग्लासापर्यंत गेली, ती या दोन बोटांतून निघाली होती. मेथी निवडणाऱ्या, बटणं लावणाऱ्या. अर्थिंगची तार आतूनच ओळखली तेव्हाच कळायला हवं होतं आपल्याला!

चिठ्ठी दादीनं पुन्हा होती तशी दुमडून आत ठेवली. "रीत आहे," ती म्हणाली. मिसबानं आधी मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला होता ही गोष्ट वेगळी.

*

सोमवारी मधल्या सुट्टीत ती बाकासमोर उभी राहिली. पैज पैज असते.

"ऐका सगळे. मी लंडन लंडन म्हणत होते ते खोटं होतं. सॉरी. बडी बी बिबवेवाडीत बनली. माझ्या आजोबांनी आणि माझ्या दादीनं बनवली."

मग मागून कुणी तरी म्हणालं, "म्हणजे घरगुती?"

"हो, घरगुती!" मिसबा म्हणाली. "तुझ्या घरी कोण बनवतं रे गिटार? हात वर कर."

एकही हात वर गेला नाही. शेफालीनं फोटोतली चिठ्ठी मोठी करून वाचली, आणि ती फुटाण्यांवर आली तसा तिचा चेहरा बदलत गेला.

"मी पण सॉरी म्हणते," ती म्हणाली. "अर्धं. डुप्लिकेट नव्हती, पण लंडनचीही नव्हती. आणि आम्हाला दादीला भेटायचंय. आमच्या घरी नूडल्ससुद्धा पाकिटावर वाचून करतात."

मिसबानं त्याच संध्याकाळी फॉर्म दुरुस्त करून पाठवला, चिठ्ठीचा फोटो जोडून. उत्तर एका ओळीचं आलं: 'खात्री पटली.'

*

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरला होता. कुणाचा सनईचा जोड, कुणाची पायपेटी, कुणाच्या पणजोबांचा दिलरुबा. बडी बी मधल्या टेबलावर, हिरव्या कापडावर. ऋषीनं येऊन आधी तिला नमस्कार केला आणि मग दादीच्या पाया पडला. "आजी, मीटर लावू का? वेढे किती ते समजंल. अंदाज तरी येईल."

"नको," मिसबाच मध्ये बोलली. "ते तसंच राहू दे."

"राहू दे," अब्बूही घाईनं म्हणाले.

दादी कार्ड वाचत होती. चष्मा नाकाच्या टोकावर, हात मागं बांधलेले. कार्डावर छापलं होतं:

वाद्य: बेस गिटार, एकमेव. बनवणारे: मैनुद्दीन तांबोळी, रझिया तांबोळी. बिबवेवाडी, पुणे. साल: १९७९. वेढे: ९६०० किंवा १००००. मालक: मिसबा जुनेद तांबोळी.

मिसबा श्वास धरून उभी होती. आता दादी रडेल, मग आपण रडू, अशी तिनं मनात सगळी तयारी केलेली.

"हे माझं नाव दुसरं का?" दादी म्हणाली.

"अं?"

"लाकूड त्यांचं, कबूल. आवाज माझा. लोक इथं काय करायला आलेत, बघायला का ऐकायला?"

ऋषी मोठ्यानं हसला. टेबलामागे बसलेल्या मंडळाच्या बाईंनी काही न बोलता एक कोरं कार्ड आणि स्केचपेन पुढं सरकवलं. मिसबानं गुडघ्यावर बसून, खुर्चीचा आधार घेऊन, आपल्या सगळ्यात चांगल्या अक्षरात ते कार्ड पुन्हा लिहिलं. यावेळी पहिलं नाव: रझिया तांबोळी. दादीनं वाचलं, मान एकदा हलवली, आणि पहिल्या रांगेत, अगदी मध्ये, जाऊन बसली. बायकांच्या बाजूला नाही.

"तुम्ही काय ऐकायला आलात?" तिनं बसल्या बसल्या कडेच्या अनोळखी बाईंना विचारलं.

"मी? मी हो, सनई ऐकायला आलेय."

"ती पण ऐका. पण आधी ही ऐका. ही मी केलीय."

मिसबानं बडी बीचा पट्टा खांद्यावर चढवला. माथ्यावरची सोनेरी अक्षरं तिनं पुसली नव्हती. असू देत, पेंटरनंही मेहनत केली होती. मागच्या रांगेतून शेफालीनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. मिसबानं दादीकडे पाहिलं आणि सगळ्यात जाड तार छेडली.

पहिल्या रांगेत शेजारच्या बाईंच्या मांडीवरची पर्स थरथरली. बाईंनी ती दोन्ही हातांनी धरली.

दादी हळूहळू, कुणाच्या लक्षात येईल न येईल अशी, फुगत गेली.